माल विकण्याची लाज

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी" ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही पाठ असते. आम्ही आमचे आयुष्य तिच्यातील तिसऱ्या पायरीवर, म्हणजे महसूल खात्याच्या कारकुनीत घालविले. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन वीर येथील वडिलोपार्जित जमिनीवर परतलो, तेव्हा आपण एकदम पहिल्या पायरीवर चढलो असे वाटून आम्हांस समाधान झाले. परंतु एका हंगामातच असे ध्यानात आले की, या म्हणीने शेतकऱ्याचा मान जितका राखिला आहे, तितकेच त्याचे नुकसानही केले आहे. व्यापार ही आपल्याहून खालची पायरी, अशी समजूत झाल्यामुळे, पिकविलेला माल हातात तराजू घेऊन स्वतः विकणे म्हणजे काहीतरी कमीपणा, असे आपल्या मनाने घेतले आहे. हा कमीपणा खरा किती व मानलेला किती, आणि तो आपणांस किती महाग पडतो, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. भाताची कापणी झाल्यावर अंगच्या ओलीवर आम्ही वीस गुंठ्यांत कडवे वाल केले. पीक बरे आले. निवडून, पाखडून एकशेवीस किलो स्वच्छ माल घरात आला. त्यांतील एक पोते घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. सणासाठी मुंबईहून गावी आलेल्या एक बाई आल्या व त्यांनी विचारले, "काका, वाल कसे दिले?" आता हा प्रश्न किती सरळ! परंतु भाव सांगताना आमची जीभ जड झाली. आमच्या तोंडून शब्द निघाले ते असे : "द्या ताई, तुम्हांला योग्य वाटेल ते." बाईंनी पाच किलो वाल घेतले, क्षणभर विचार केला आणि तीनशे रुपये आमच्या हातावर ठेविले. आम्ही ते मुकाट्याने घेतले व घरी येऊन शहरच्या लोकांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. ते ऐकून घरातून एवढाच प्रश्न आला, "अहो, पण तुम्ही भाव सांगितला होतात का?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या बाईंनी आम्हांस फसविले नव्हते. उलट, भाव ठरविण्याचे जे काम आमचे, ते आम्ही त्यांच्या गळ्यात टाकिले होते, आणि त्यांनी ते आपल्या समजुतीप्रमाणे पार पाडले होते. राग यावयाचा तर तो आमचा आम्हांवरच यावयास हवा होता.

ही लाज आमच्या एकट्याची असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आसपासच्या वाड्यांतून चौकशी करिता असेच दिसून आले की, चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारा, भाताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढणारा गडी गिऱ्हाइकासमोर उभा राहिला की मान खाली घालतो. घासाघीस झाली तर ती त्यास भांडणासारखी वाटते. गिऱ्हाईक न घेता पुढे गेले, तर आपला अपमान झाला असे त्यास वाटते. यापेक्षा सारा माल एकदम व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर टाकावा आणि तो देईल ते घेऊन मोकळे व्हावे, हेच त्यास बरे वाटते. दलालाच्या नफ्याविषयी आपण पुष्कळ तक्रार करितो. त्या नफ्यात त्याचे भांडवल, हमाली, वाहतूक व मालाच्या नासाडीची जोखीम यांचा वाटा आहे, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु त्यात आपल्या लाजेचे मोलही मिसळलेले असते, हे आपण सहसा कबूल करीत नाही.

ही लाज आली कोठून? आमच्या मते तिची मुळे आपल्या इतिहासात आहेत. आपला हा जिल्हा, जो १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता, तो पुष्कळ अंशी खोतीचा मुलूख. खोताच्या जमिनीतील कुळाने भात पिकवावयाचे, त्यातून खोताचा वाटा द्यावयाचा, पूर्वी काढलेले कर्ज धान्याने फेडावयाचे, सुतार-लोहारास त्यांच्या कामाबद्दल भात घालावयाचे, आणि उरेल त्यावर पाऊसकाळ काढावयाचा, अशी रीत होती. विकण्याजोगे उरतच नसे. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली शेतकऱ्यांनी जो संप केला, तो १९३९ पर्यंत टिकला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई कायदेमंडळात मांडले, आणि शेवटी १९४९ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यात पीक दोनच वाटांनी जात होते : एक स्वतःच्या पोटात, दुसरी धन्याच्या कोठारात. आपला माल, आपला भाव आणि आपले गिऱ्हाईक ही तिसरी वाट आपल्याकडे नवीन आहे. पूर्वी जो कोणी धान्य विकी तो बहुधा अडचणीपायी विकी, आणि गरजवंतास अक्कल नसते हे जाणून घेणारा घेई. त्यामुळे विकणे म्हणजे अडचण उघड करणे, हे समीकरण मनात ठसून राहिले. धन्यासमोर मान खाली घालण्याची जुनी सवय आता गिऱ्हाइकासमोर दिसते. परंतु गिऱ्हाईक हा धनी नव्हे, आणि आपण याचकही नव्हे, ही गोष्ट अजून अंगवळणी पडावयाची आहे.

वास्तविक आपला हा भाग बाजारास अनोळखी नाही. महाड ही सावित्रीच्या काठची जुनी व्यापारी पेठ. खाडीतून गलबते येत, घाटातून बैलांचे तांडे उतरत. पुढे हमरस्ता झाला. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला, आणि १९९८ साली सर्व मार्ग खुला झाल्यावर मुंबईपासून मंगळुरापर्यंतचा प्रवासी आपल्या दारावरून जाऊ लागला. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली, आणि शहरांतून शेतकरी आठवडी बाजारही भरू लागले. वाट झाली, वाहन आले, कायदाही अनुकूल झाला. उणीव राहिली ती बोलणाऱ्याची.

येथे कोणी म्हणेल की, ही लाज अशिक्षित कुणब्याची आहे. शिकलेल्या उद्योगी माणसास ती नसते. तसे नाही. आपला माल घेऊन लोकांपुढे उभे राहणे हे मोठमोठ्या उद्योजकांसही जड गेले आहे. याचे उत्तम उदाहरण शेतकऱ्याच्याच अवजाराचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावी आले, तेथे सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. तयार नांगर कारखान्यात पडून आहेत आणि घेणारा कोणी नाही, अशा स्थितीत त्या पुरुषाच्या मनास काय वाटले असेल, याची कल्पना ज्याने न खपलेली भाजी संध्याकाळी घरी परत आणली आहे, त्यासच करिता येईल.

ही समजूत केवळ आपल्याकडच्या लोकांची होती असेही नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही लोखंडाने जमीन बिघडते म्हणून तो नाकारिला. म्हणजे नवीन वस्तूस घेणारा भितो, हा मनुष्यस्वभाव होय. त्याचे एकच पीक बुडाले तर वर्ष बुडते. त्याने "नको" म्हटले ते विक्रेत्याच्या अपमानासाठी नव्हे, तर स्वतःच्या घरादाराच्या काळजीने. लक्ष्मणरावांनी या नकारामुळे नांगर सोडला नाही व शेतकऱ्यांसही सोडले नाही. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तोच नांगर पुढे महाराष्ट्राच्या गावोगावी पोचला. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढिले, त्याचा आरंभीचा उद्देशही कारखाना व त्याचे गिऱ्हाईक यांच्यात बोलणे चालू ठेवण्याचा होता. ज्यांनी एकदा लोकांचा नकार सोसला, त्यांनी लोकांशी बोलण्याचे महत्त्व ओळखिले. नकार हा शेवट नसून गिऱ्हाइकाची पहिली माहिती आहे, हा धडा आपण यातून घेतला पाहिजे.

आता लाज जावी कशी, याचा विचार करू. उपदेशाने ती जात नाही. हिशेबाने जाते, असा आमचा अनुभव आहे. ज्याला आपला भाव का इतका हे स्वतःस ठाऊक असते, त्याची जीभ जड होत नाही. वरील फजितीनंतर आम्ही वही काढिली व वालाचा खर्च लिहून काढिला. तो येणेप्रमाणे : बियाणे ६०० रुपये, नांगरट १,८०० रुपये, काढणी व मळणीची मजुरी ४,२०० रुपये, पोती व वाहतूक ४०० रुपये. एकूण ७,००० रुपये. यास एकशेवीस किलोंनी भागिले तर किलोस सुमारे ५८ रुपये पडतात. म्हणजे बाईंनी दिलेला साठ रुपयांचा भाव ठीकच होता, असे क्षणभर वाटले. परंतु निवडणे, पाखडणे व राखण करणे ही घरच्या माणसांची मजुरी आम्ही धरिलीच नव्हती. ती मजुरीच्या चालू दराने २,६०० रुपये झाली. एकूण ९,६०० रुपये, म्हणजे किलोस ८० रुपये. पाच किलोंमागे आम्ही शंभर रुपये पदरचे घालून वाल दिले होते, आणि ते शंभर रुपये आमच्या घरातील बायकांच्या कष्टाचे होते. वाचकहो, आपल्या हिशेबात ही चूक सर्रास होते. घरच्या माणसाचा घाम फुकट धरावयाचा आणि मग शेती परवडत नाही म्हणावयाचे!

हा आकडा हाती आल्यावर आम्ही ११० रुपये भाव ठरविला व पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पोत्यापुढे ठेविला. पुढचे गिऱ्हाईक म्हणाले, "काका, जरा जास्तच आहे." आम्ही शांतपणे सांगितले की, घरचे वाल आहेत, निवडलेले आहेत, आणि आम्हांसच ऐंशी रुपये पडतात. त्यांनी दोन किलो घेतले. त्यामागून आलेल्यांनी घेतले नाहीत व ते निघून गेले. आश्चर्य हे की, त्याचे आम्हांस काहीच वाईट वाटले नाही. भाव लिहिलेला असला म्हणजे नकार वस्तूच्या भावास असतो, आपणांस नसतो.

भाव एकच ठेवावा, माणूस पाहून बदलू नये, हे दुसरे सूत्र होय. इंग्लंडात सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी घासाघीस सोडून एकच भाव सांगण्याचा नेम केला. अधिक भाव सांगून कमी घेणे हे असत्य बोलणे होय, असे त्यांचे मत होते. तेथे लहान मुलास बाजारास पाठविले तरी तो फसणार नाही, हा विश्वास लोकांस वाटू लागला आणि त्यांचा धंदा वाढला. आपल्याकडे याच्या अगदी उलट, आंब्याच्या व्यापारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे करण्याची चाल होती. पिकविणारा समोर उभा असला तरी त्याच्या मालास काय भाव मागितला गेला, हे त्यास ऐकूही येत नसे. उघडा भाव हा घेणाऱ्याच्या सोयीचा आहेच. परंतु त्याहून अधिक तो पिकविणाऱ्याच्या संरक्षणाचा आहे.

तिसरे सूत्र वजनाचे. पायली-शेराचा काळ गेला. मेट्रिक वजने लागू होऊनही साठाहून अधिक वर्षे झाली. तरी अजून दगडाचे वजन किंवा अंदाजाचा वाटा चालतो. वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा घ्यावा, तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवावा आणि वजन पुरे झाल्यावर चिमूटभर अधिक घालावे. काटा समोर असला म्हणजे बोलण्याचे निम्मे काम तोच करितो.

चौथे सूत्र सर्वांत कठीण, ते तक्रारीचे. येथेही आमचीच चूक सांगणे प्राप्त आहे. महिन्याभराने एक गृहस्थ किलोभर वाल परत घेऊन आले. त्यांस कीड लागून भोके पडली होती. आम्ही तिखटपणे म्हणालो, "आमच्याकडून नेले तेव्हा चांगलेच होते." गृहस्थ काही न बोलता निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या आठवड्यात घरचे तळातील पोते उघडिले, तो तीच कीड. तीस किलो वाल वाया गेले. ऐंशीच्या हिशेबाने २,४०० रुपये! त्या गृहस्थांचे ऐकून त्याच दिवशी पोते उन्हात घातले असते, तर बहुतेक माल वाचता. तक्रार करणारा हा आपणांस फुकट बातमी आणून देतो. न सांगता दुसरीकडे जाणारा खरा तोट्याचा.

हीच गोष्ट मोठ्या व्यापारासही लागू आहे. २०१० साली भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश आढळला. माल अडकला आणि नाशिककडील बागाईतदारांस मोठा फटका बसला. तेव्हा हजारो कोसांवरच्या गिऱ्हाइकास दूषण देऊन भागणार नव्हते. त्यानंतर त्या द्रव्याची तपासणी निर्यातीच्या नेमात आली व द्राक्षे पुन्हा जाऊ लागली. तक्रार ऐकणारा बाजारात टिकला.

आमच्या सोसायटीच्या सभासदांस आमची एक सूचना आहे. प्रत्येकाची जीभ चालेलच असे नाही, आणि चाललीच पाहिजे असेही नाही. चार घरांचा माल एकत्र करून ज्यास बोलण्याची हातोटी आहे त्याने विकावा, ज्याचा हिशेब पक्का त्याने वही ठेवावी, आणि निवडणे ज्यांचे स्वच्छ त्यांनी ते काम घ्यावे. आमच्या पाहण्यात तर बायकांस ही हातोटी पुरुषांहून अधिक असते. टोपली घेऊन बसलेली कातकरी बाई करवंदाच्या वाट्याचा भाव एका दमात सांगते, तेथे आम्हांसारखा पेन्शनर घाम पुशीत बसतो. त्यांच्यापासून शिकण्यास कमीपणा मानू नये. मात्र लोणची, पापड, कोकम सरबत असे तयार पदार्थ विकावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी अगोदर करून घ्यावी, म्हणजे मागाहून धावपळ होत नाही.

शेवटी ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगून पुरे करितो. सातबाराच्या उताऱ्यावर पिकाचे नाव असते, क्षेत्र असते, पाण्याचे साधन असते. २०२१ पासून ही पीकपाहणी शेतकरी स्वतः आपल्या मोबाइलवर नोंदवू लागला आहे. परंतु त्या पिकाचे पुढे काय झाले, ते कोणास व कोणत्या भावाने दिले, याचा रकाना त्यात पूर्वी नव्हता व आताही नाही. तो रकाना शेतकऱ्याने आपल्या घरच्या वहीत आखावयाचा आहे. ज्यांनी तो आखिला नाही, त्यांची नावे आम्ही दुसऱ्या एका कागदावर पाहिली आहेत. फेरफाराच्या प्रकरणांत खरेदीखते येत. "शेती परवडत नाही" म्हणून वडिलांची जमीन विकणारे पुष्कळ जण आमच्या टेबलासमोर उभे राहिले. ज्यांस दोन पायल्या वालांचा भाव मोठ्याने सांगण्याची लाज वाटत होती, त्यांस जमिनीचा भाव मात्र कोणीतरी दुसऱ्यानेच सांगितला होता, आणि तो त्यांनी मान खाली घालून ऐकिला होता.

जो माल विकावयास लाजतो, तो एक दिवस शेत विकितो. हे टाळावयाचे असेल तर येत्या हंगामात, पेरणीच्या आधीच, एक कोरी वही आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर घरच्या माणसांची मजुरी लिहावी. पुढे गिऱ्हाईक "कसे दिले?" म्हणून विचारील, तेव्हा उत्तर त्या पानावर तयार असेल.